अटकेपार तो, ध चा मा तिचा

गेल्या महिन्यात आमच्या गावात एका गृहस्थांचं व्याख्यान झालं. विषय होता राजकारणातल्या स्त्रिया. सव्वा तास ते बोलले आणि सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या शेवटच्या वाक्याला. बाई म्हणून कुणी कुणाचा द्वेष करत नाही, सत्ता हातात आली की बाई पुरुषाहून क्रूर होते म्हणून लोक तिचा द्वेष करतात, आणि मराठी माणसाला हे आनंदीबाईपासून ठाऊक आहे, असं ते म्हणाले. माझ्या शेजारी कॉलेजातल्या तीन मुली बसल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी हे लिहिते आहे ते त्या टाळ्यांमुळे.

गृहस्थांची बाजू थोडक्यात सांगते. पुरुष पुढाऱ्यांनाही शिव्या पडतात, मग बाईला पडल्या तर एवढा गहजब कशाला? बायकांना सगळ्यात जास्त नावं बायकाच ठेवतात, तेव्हा पुरुषांना दोष देऊ नका. बाई खुर्चीवर बसली की उद्दाम होते. बहुतेक जणी बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या पुण्याईवर येतात. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे आनंदीबाई.

पुण्याईचा मुद्दा खरा आहे. पण ज्या सभागृहात मुलगे, पुतणे, नातू आणि जावई ओळीने बसलेत तिथे तो एकट्या लेकीसुनेला ऐकवणं हा अन्याय आहे. उद्दामपणाचं म्हणाल तर त्याच चढ्या आवाजाला पुरुषाच्या बाबतीत आपण दरारा म्हणतो, प्रशासनावरची पकड म्हणतो. आणि शिव्यांचा हिशेब गृहस्थांनी मुळात मांडलेलाच नाही. आपल्याकडे पुरुषालाही शिवी दिली जाते ती त्याच्या आईबहिणीवरून. त्याला कमी लेखायचं झालं तर बांगड्या भरायला सांगतात.

या बांगड्यांवरून वीस वर्षांपूर्वी माझं एका मोर्चात भांडण झालं होतं. पाण्यासाठीचा मोर्चा होता. उन्हात चार किलोमीटर चालत आलेल्या निम्म्याहून अधिक बायकाच होत्या, रिकामे हंडेही त्यांच्याच डोक्यावर होते. कचेरीत गेल्यावर आमच्या पुढाऱ्यांनी पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि अभियंत्यासमोर ठेवल्या. मी म्हटलं, आपल्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या हातात याच बांगड्या आहेत, आणि त्याच हातांनी हा मोर्चा इथवर आणलाय, तर तुम्ही अपमान नक्की कुणाचा करताय? पुढारी म्हणाले, ताई, ही पद्धत आहे. आजही वर्तमानपत्रात बांगड्यांच्या आहेराचा फोटो दिसला की तो दिवस आठवतो आणि डोकं तापतं. बाईच्या हातातली वस्तू हाच ज्या राजकारणात नालायकीचा पुरावा, तिथे तेच हात सहीचा अधिकार घेऊन समोर बसले की काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

आता आनंदीबाई. तिला मी सहज सोडणार नाही, कारण तिच्याशी माझं जुनं नातं आहे. सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात नारायणरावाच्या खुनावर नाटुकलं बसवलं होतं. आनंदीबाई व्हायला एकही मुलगी तयार होईना. शेवटी शिक्षकांनी मला उभं केलं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि रंगमंचावर मोठ्या कागदावर खरोखरच ध चा मा करून दाखवायचा होता. प्रयोग झाला. पुढचं वर्षभर वर्गात मला 'आनंदी' अशी हाक मारायचे. मी त्यात काहीतरी बदल करीन म्हणून कुणी मला वही उसनी देईना. राघोबादादा झालेल्या मुलाला मात्र कुणी राघोबा म्हटलं नाही. तो त्याच वर्षी वर्गाचा मॉनिटर झाला.

बारा वर्षांच्या मुलीला तेव्हा जे कळलं नाही ते पुढे इतिहास वाचताना कळलं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारलं. अठरा वर्षांचा पोर होता तो. गारद्यांशी संधान होतं ते त्याच्या चुलत्याचं, म्हणजे आनंदीबाईच्या नवऱ्याचं, राघोबाचं. पेशवाई राघोबाला हवी होती. खुनानंतर पेशवाईची वस्त्रं राघोबाने घेतली. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी बोट ठेवलं ते राघोबावर, देहांत प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबाला. पुढे गादी टिकत नाही असं दिसल्यावर १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देऊ करणाराही राघोबाच. त्या तहातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध उभं राहिलं आणि ते १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. एवढं सगळं ज्याच्या नावावर आहे, त्याला मराठी भाषेने काय दिलं? राघोभरारी हे बिरुद आणि अटकेपार झेंडा लावणं हा वाक्प्रचार. परीक्षेत पोरगं पहिलं आलं तरी आपण म्हणतो, अटकेपार झेंडा लावलास. १७५८च्या त्या मोहिमेत राघोबा स्वतः लाहोरपर्यंत गेला होता, अटकेपर्यंत धडक मारली ती त्याच्या सरदारांनी. पराक्रम सरदारांचा आणि श्रेय त्याचं. गुन्हा त्याचा आणि बट्टा तिच्या नावाला.

कारण त्याच घरातल्या बाईला भाषेने दिलेला वाक्प्रचार आहे ध चा मा. 'धरावे' चं 'मारावे' केलेला तो कागद म्हणजे आख्यायिका आहे असं अनेक अभ्यासक मानतात. ती खरी धरली, तरी ज्याने पुतण्याला धरण्याचा हुकूम दिला त्याच्यापेक्षा अक्षर बदलणारी अडीचशे वर्षं जास्त दोषी कशी ठरते? आनंदीबाई साधी होती असं मी म्हणत नाही. महत्त्वाकांक्षी होती, हट्टी होती, तिला नवऱ्याला आणि पुढे मुलाला गादीवर बघायचं होतं. त्या वाड्यात ही इच्छा नसलेलं माणूस शोधून दाखवा! राघोबाला हटवायला नाना फडणवीस आणि सखारामबापूंसारखे मुत्सद्दी एकत्र आले, त्याला आपण बारभाईंचं कारस्थान म्हणतो आणि ते अभिमानाने शिकवतो. पुरुषाच्या नावापुढे लागलं की कारस्थान हे मुत्सद्देगिरी होतं, आणि बाईला नुसतं कारस्थानी म्हटलं की खटला निकालात निघतो. गृहस्थांनी व्याख्यानात नेमका हाच शब्द आजच्या दोन स्त्री पुढाऱ्यांना लावला. त्यांच्या एकाही निर्णयाचं नाव घेतलं नाही.

आणि क्रूर होते तीच का फक्त लक्षात राहते? राजाराम महाराज गेल्यावर १७०० पासून औरंगजेबाच्या मरणापर्यंत सात वर्षं ताराबाईंनी मराठ्यांचं राज्य लढवत ठेवलं. त्यांच्या नावाचा एकही वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात नाही.

ही एकट्या पुण्याची खोड नाही. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांच्यावर खाणकामगारांचा राग होता आणि तो समजण्यासारखा होता. १९८४-८५चा संप मोडल्यावर गावंच्या गावं बेकार झाली. पण २०१३ मध्ये त्या वारल्या तेव्हा रागाने कुठला शब्द निवडला? चेटकीण मेली, अशा अर्थाचं एका जुन्या चित्रपटातलं गाणं लोकांनी विकत घेऊन घेऊन तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं. ऑस्ट्रेलियात ज्युलिया गिलार्ड पंतप्रधान असताना २०११च्या निदर्शनांत जे फलक होते त्यांवरही चेटकीणच होती. भांडण कार्बनवरच्या कराचं होतं. त्यांना मूल नाही म्हणून त्या राज्य करायला नालायक, असं एका खासदाराने त्यांना त्याआधीच ऐकवलं होतं. एक उजव्या पक्षाची, एक मजूर पक्षाची, एक पृथ्वीच्या या टोकाला तर एक त्या टोकाला. धोरणं उलटी, शिवी एकच. द्वेष धोरणाचा असता तर धोरणाबरोबर शिवीही बदलली असती.

आपल्याकडे इंदिरा गांधी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांना मुकी बाहुली म्हणून हिणवलं गेलं. बोलायला लागल्या तेव्हा चंडिका ठरल्या. मार्च १९८९ मध्ये तमिळनाडूच्या विधानसभेतल्या गोंधळातून जयललिता विस्कटलेल्या केसांनी आणि साडीने बाहेर आल्या आणि सभागृहात आपल्यावर हात टाकला गेला असं त्यांनी सांगितलं. जून १९९५ मध्ये लखनौच्या अतिथीगृहात मायावतींवर जमाव चालून गेला. तिथे बाईपणाच्या जोडीला जात होती, म्हणून द्वेषाला दुप्पट धार होती.

हे सगळं मोठ्या लोकांचं झालं असं वाटत असेल तर गावात या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या. सप्टेंबर २०२४ची गोष्ट सांगते: जळगाव जिल्ह्यातल्या एका सरपंचबाईंना सरकारी जागेवरच्या घरात राहत असल्याच्या तक्रारीवरून पदावरून काढलं होतं, आणि त्यांना ते पद परत मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. एक बाई सरपंच म्हणून निवडून आली हे गावातल्या लोकांना पचत नव्हतं, हे न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. तिथे ना घराणं होतं, ना आणीबाणी, ना कुणाला चिरडण्याइतकी सत्ता. रस्ता, गटार आणि नळाच्या कामांवर सही करण्याचा अधिकार होता, तेवढा पुरला.

मग हा द्वेष येतो कुठून? माझं मत सांगते. विरोधी पक्षाचा पुरुष सत्तेवर बसला की माणसाला हरल्यासारखं वाटतं. बाई बसली की त्याला घरातली मांडणी उलटल्यासारखी वाटते. घरी ज्याच्या हाकेसरशी पाण्याचा तांब्या येतो, त्याला कचेरीत निवेदनाचा कागद दोन्ही हातांत धरून बाईसमोर उभं राहावं लागतं, फोटोही काढला जातो. हरण्याचा राग पुढच्या निवडणुकीपर्यंत निवतो, हा निवत नाही. म्हणून तो तिच्या निर्णयांवर थांबत नाही, केसांवर, आवाजावर, कपाळावरच्या कुंकवावर, असलेल्या किंवा नसलेल्या नवऱ्यावर जातो.

आणि बायका? त्याही द्वेष करतात, गृहस्थ म्हणाले ते खरं आहे. माझी आई एका स्त्री मंत्र्यांचं नाव काढलं की चिडायची. का, ते मला फार उशिरा कळलं. चारचौघांत आवाज चढवू नये म्हणून आईने आयुष्यभर स्वतःला आवरलं होतं. त्या बाईंनी आवरलं नव्हतं आणि त्यांचं काही बिघडलंही नव्हतं. आईने मोजलेली किंमत त्यांच्याकडे बघून फुकट गेल्यासारखी वाटायची. त्याचा दोष मी आईला कधीच देणार नाही.

मग स्त्री पुढाऱ्यांवर टीकाच करू नये का, असं गृहस्थ विचारतील. करा, कडाडून करा. कशी करायची ते महाराष्ट्राने दाखवलेलं आहे. आणीबाणीत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत बोलल्या तेव्हा केंद्रीय मंत्री स्वागताध्यक्ष म्हणून तिथेच होते. दुर्गाबाई लेखनाच्या स्वातंत्र्यावर बोलल्या, पुढे तुरुंगात गेल्या. मृणाल गोरे १९७२ मध्ये महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या, आणीबाणीत तुरुंगात होत्या, आणि १९७७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर गेल्या. त्या वेळची घोषणा होती, पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात. मृणाल गोरे आणि इंदिरा गांधी, दोघीही बायाच. एकीचं काम त्या घोषणेत आहे आणि दुसरीचा पराभव आहे, कुणाचा देह नाही. इंदिरा गांधींना मराठी मुलखातून झालेला सगळ्यात धारदार विरोध हाच असेल आणि त्यात आनंदीबाईची गरज कुणाला पडली नव्हती. गोव्याने १९७३ मध्ये शशिकला काकोडकरांना मुख्यमंत्री केलं. महाराष्ट्र १९६० पासून अजून एकीलाही त्या खुर्चीपर्यंत पोहोचू देऊ शकलेला नाही. पोहोचेल तेव्हा तिच्या अर्थसंकल्पावर तुटून पडा, मीही येईन.

व्याख्यान संपल्यावर त्या तीन मुलींपैकी एक चपला घालताना माझ्या शेजारी होती. मी तिला विचारलं, अटकेपार झेंडा कुणी लावला, ठाऊक आहे? म्हणाली, मराठ्यांनी. मी म्हटलं, नाव? तिला आठवेना. मी सांगितलं. ती एक चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"म्हणजे आनंदीबाईचा नवरा?"

"तोच."

"मग तिचं पुढे काय झालं?"

राघोबा १७८३ मध्ये कोपरगावला वारला, ती त्याच्यामागे दहा वर्षं जगली, बरीचशी पहाऱ्यातच, एवढं मी तिला सांगितलं. बाहेर तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या. ती गेली नाही, म्हणाली, अजून सांगा.