ते काका नशेडी नव्हेत

परवा रात्री मेडिकलात उभा होतो. पन्नाशीतल्या कामगारानं चुरगळलेली चिठ्ठी पुढं केली, "मागचीच गोळी द्या की." चिठ्ठी दीड वर्षापूर्वीची. दुकानदार एवढंच म्हणाला, "काका, एक पाकीट का दोन?" गोळी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, म्हणजे नैराश्यावरची. काका झोपेसाठी घेतात.

मार्च २०१४ पासून अल्प्राझोलामसारख्या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरला, ते तीन वर्षं जपायचं. म्हणून दुकानदार तिथं दबकतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, क्वेटियापिन नुसत्या 'एच'मध्ये. चिठ्ठी त्यांनाही लागतेच, पण बघतो कोण? जास्त झाली तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन हृदयाचे ठोके बिघडवते. बडीशेप नव्हे ती!

धाडी टाका, लायसन काढा, हे मीही लिहिलंय. पण काका म्हणाले, "आठवडा रात्रपाळी, आठवडा दिवसपाळी. झोपच येत न्हाई. सरकारी दवाखान्यात रांगेला बसलो की हजेरी बुडती."

इचलकरंजीच्या मागांवर, शिरोलीच्या फौंड्रीत असे किती काका असतील? त्यांची झोप मोडणाऱ्या पाळीला कुठलं शेड्यूल लावणार? लोकप्रतिनिधींनो, मानसोपचाराची ओपीडी संध्याकाळी चालवा, मग दुकानदाराला धरा.

आणि गोळी चालू असणाऱ्यांनो, ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. टेली-मानस १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.