‘काही नाही झालं, चल!’ : टेकडीवरचा सगळ्यात धोकादायक सल्ला

पुण्यात टेकड्यांवर माउंटन बाइक चालवणाऱ्यांचे बरेच ग्रुप झाले आहेत. वेताळ टेकडी असो, तळजाई असो की बावधन-पाषाणचा भाग, रविवारी सकाळी उजाडता उजाडता ही मंडळी वर पोचलेली असतात. उन्हाळ्यात मुरुमावरून चाक सरकतं, पावसाळ्यात शेवाळावरून सरकतं आणि कोणीतरी पडतं. त्यात नवल काहीच नाही. डॉक्टर म्हणून मला चिंता वाटते ती पडल्यानंतरच्या दोन मिनिटांची.

त्या दोन मिनिटांत सहसा असं होतं: दोघंजण हात देऊन उठवतात, तिसरा आधी सायकलचं हँडल सरळ आहे ना ते बघतो, चौथा फोटो काढतो. ‘हेल्मेट होतं ना? मग काही नाही झालं, चल!’ पडलेला हसून पुन्हा सायकलवर बसतो. संध्याकाळी ग्रुपवर फोटो येतो आणि त्याखाली ‘वाघ आहेस’ अशा शाबासक्यांची रांग लागते.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा वाघपणा नाही, हा अडाणीपणा आहे आणि तो शिकलेल्या माणसांचा आहे. गुडघा खरचटला असेल तर खुशाल पुढे जा. पण डोक्याला मार लागला असेल, तर त्या दिवसाची राइड तिथेच संपली पाहिजे. यावर चर्चा नको, मतदान नको.

मेंदूला नेमकं काय होतं?

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. वेगात चाललेलं डोकं झटक्याने थांबलं किंवा गर्रकन वळलं, की आतला मेंदू हलतो आणि पिळला जातो. पेशींमधल्या क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी तिचा पुरवठा कमी पडतो. याला कन्कशन म्हणतात, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा.

अशा मेंदूचा प्रतिसाद मंदावतो, तोल आणि अंदाज चुकतो. त्याच अवस्थेत आपण त्या माणसाला कुठे पाठवतो? खडकाळ उतारावर! तिथे ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला तरी तो पुन्हा पडणार. सावरत असलेल्या मेंदूला दुसरा मार बसला, तर तो पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करू शकतो.

नेहमीचे चार युक्तिवाद

१. ‘हेल्मेट होतं की!’ हेल्मेट घालायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा हेल्मेट नसलेला सायकलपटू डोक्याला मार लागून दगावला आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेटची सक्ती केली. पण हेल्मेटचं मुख्य काम कवटी फुटू न देणं आणि मेंदूची गंभीर इजा टाळणं हे आहे. आतला मेंदू हलायचा तो हेल्मेटमध्येही हलू शकतो.

२. ‘बेशुद्ध कुठे पडला?’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. कन्कशन झालेले बहुतेक लोक बेशुद्ध पडतच नाहीत. कोणी थोडा वेळ गोंधळतो, कोणी तोच प्रश्न तीनदा विचारतो, कुणाला मळमळतं, कुणाला प्रकाश नकोसा होतो, तर कोणी नुसता ‘गप्प गप्प’ होतो. काहींना त्रास काही तासांनी सुरू होतो.

३. ‘तो स्वतःच म्हणतोय, मी ठीक आहे.’ अहो, पण ‘मी ठीक आहे’ हे ठरवणारा अवयव कोणता? ज्याला मार लागलाय तोच! हात मोडला तर मेंदू सांगतो की हात दुखतोय. मेंदूच गोंधळला तर कोण सांगणार? म्हणून पडलेल्याच्या शब्दावर हा निर्णय सोडता येत नाही.

अभिनेत्री नताशा रिचर्डसन २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना सोप्या उतारावर पडली. हेल्मेट नव्हतं. सुरुवातीला ती बोलत-हसत होती, मदत नको म्हणाली. पुढे डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांनी ती गेली. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव झाला होता. अशा रक्तस्रावात मधला काही काळ रुग्ण अगदी ठीक दिसू शकतो, त्या काळाने फसू नका. असं क्वचितच होतं, हे खरं. पण पडलेला माणूस त्या क्वचितांपैकी आहे की नाही, हे टेकडीवर उभं राहून कोणालाही सांगता येत नाही.

४. ‘मोठे रेसर पडून उठतातच ना?’ उठतात, आणि तेही चूकच असतं. २०२० च्या टूर द फ्रान्समध्ये रोमाँ बार्दे पडला, उठून उभा राहताना लडखडला, तरीही त्याने तो डोंगराळ टप्पा पूर्ण केला. नंतर कन्कशनचं निदान झालं, शर्यत सोडावी लागली आणि तपासणीत मेंदूत छोटा रक्तस्राव दिसला. त्यानंतर सायकल संघटनेने डोक्याला मार लागलेल्या स्पर्धकांसाठी वेगळी नियमावली आणली. ज्यांचं पोट सायकलवर चालतं, त्यांनाही आता थांबवलं जातं. मग सोमवारी ऑफिसला जाणाऱ्या आपल्याला कसली एवढी घाई?

मग ग्रुपने काय करायचं?

* निर्णय पडलेल्याचा नाही, राइड लीडरचा. हा नियम निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांगा, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.
* मान दुखत असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील, तर त्याला हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका. १०८ ला फोन करा.
* साधे प्रश्न विचारा: आज कुठून निघालो? मागच्या रविवारी कुठे गेलो होतो? उत्तर चुकलं तर शंका पक्की समजा. उत्तर बरोबर आलं म्हणून मात्र राइड चालू ठेवायची नाही.
* त्याला एकटं घरी पाठवू नका, गाडीही चालवू देऊ नका. कोणीतरी सोबत जा आणि घरच्यांना नीट सांगा. पुढचे २४ ते ४८ तास कोणीतरी जवळ हवं.
* त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनाने आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन देऊ नका. दारू नको.
* मार बसलेलं हेल्मेट बाद करा. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दाबला गेला, की पुन्हा तेवढा धक्का सोसत नाही, बाहेरून तडा दिसला नाही तरी. ते ग्रुपवर ‘थोडंसं वापरलेलं’ म्हणून विकणं तर सरळ फसवणूक आहे.

थेट मोठ्या रुग्णालयात कधी जायचं?

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, शुद्ध हरपणं, जास्त झोप येऊन जागं न होणं, बोलताना अडखळणं, हातापायात कमजोरी, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणं. यातलं एकही लक्षण दिसलं तर वाट बघू नका. वय ६५ च्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर लक्षण नसलं तरी लगेच दाखवा. अशांमध्ये रक्तस्राव हळूहळू साचून काही आठवड्यांनीही त्रास सुरू होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे ‘पुढच्या रविवारी भेटू’ असं नाही. स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधतो. हादऱ्याने बिघडलेलं पेशींचं काम त्यात दिसत नाही.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी. मग चालणं, मग घरच्या ट्रेनरवर हलकं पेडलिंग, मग सपाट रस्ता. टेकडी सगळ्यात शेवटी, सगळी लक्षणं गेल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. बहुतेक प्रौढ काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. घाई केली तर हाच काळ लांबतो.

‘एवढं घाबरवलं तर लोक सायकल सोडतील,’ असं काहीजण म्हणतील. मला उलटं वाटतं. सायकल हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम आहे, मी रुग्णांना ती आवर्जून सुचवतो. नवीन माणूस ग्रुपमध्ये टिकतो तो ‘इथे मला कोणीतरी सांभाळेल’ या भरवशावर. पडल्यावर हसतील या भीतीने तो दुखणं लपवतो, आणि लपवलेलं दुखणं माझ्यापर्यंत उशिरा पोचतं.

म्हणून शाबासकी द्यायचीच असेल, तर सायकल हातात धरून टेकडी उतरणाऱ्याला द्या. आणि आपली राइड अर्धवट सोडून त्याच्यासोबत उतरणाऱ्याला त्याहून मोठी द्या.