तुऱ्यापायी किती अंडी मारणार?

आजची पोस्ट जरा लांब आहे, आणि विषय नेहमीचा रस्ता-गटार-पाण्याचा नाही. फिंच पाळणाऱ्यांनी आणि पोरांच्या हट्टापायी एखादी जोडी घरी आणायला निघालेल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मी झेब्रा फिंच पाळतो त्याला चौदा वर्षं झाली. सुरुवातीच्या काळातली गोष्ट. रविवारच्या बाजारातून तुरेवाली जोडी आणली. डोक्यावर छान गोल तुरा, नराला आणि मादीलाही. साध्या जोडीच्या अडीचपट पैसे मोजले. विकणारा म्हणाला, "दादा, तुऱ्याला तुराच लावायचा. सगळी पिल्लं तुऱ्याची निघतील." मला पटलं. आंब्याच्या झाडाला आंबाच लागणार ना!

त्या जोडीनं वर्षभरात चार वेळा मिळून वीस अंडी दिली. तीन फोल निघाली. उरलेल्या सतरांत टॉर्चवर धरल्यावर लाल शिरा स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे जीव धरला होता. त्यातली पाच आतच मेली. प्रत्येक खेपेला एक तरी. मी समुद्रफेन वाढवलं, राळा बदलला, उकडलेलं अंडं द्यायला लागलो, मटकीची जागा बदलली, मुंग्यांना दोष दिला, उन्हाळ्याला दिला. बायको म्हणाली, मादीच अशक्त आहे, तिला आराम द्या.

शेवटी आमच्याच गल्लीतले एक काका, मुरलेले पक्षीवाले, घरी आले. पिंजऱ्यात डोकावले आणि म्हणाले, "अरे, कॅल्शियम कसलं घालतोयस? दोघांचे तुरे बघ की." आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चार चौकोन काढून दाखवले.

ते चार चौकोन तुम्हालाही सांगतो, कारण सगळा विषय त्यातच आहे. झेब्रा फिंचमध्ये तुऱ्याचा गुण ठळक, म्हणजे डॉमिनंट असतो. आईबापांपैकी एकाकडून आला तरी डोक्यावर तुरा दिसतो. पण तोच गुण दोघांकडून आला, दुहेरी झाला, तर ते पिल्लू जगत नाही. बहुतेक वेळा अंड्यातच जातं.

आता हिशोब करा. तुरा गुणिले तुरा केलं तर सरासरी चार अंड्यांत एक दुहेरी, ते मेलं. दोन तुरेवाली, एक साधं. आणि तुरा गुणिले साधा केलं तर? चारांत दोन तुरेवाली, दोन साधी. मेलेलं एकही नाही.

परत वाचा. तुरेवाली पिल्लं दोन्हीकडे दोनच! तुऱ्याला तुरा लावून एकही जास्तीचं तुरेवालं पिल्लू मिळत नाही. नुसतं एक मरतं. म्हणजे हा लोभाचाही सौदा नाही, निव्वळ अडाणीपणाचा आहे. आणि हा सल्ला आजही बाजारात तसाच दिला जातोय. तीच गत बेंगालीज फिंचच्या तुऱ्याची आणि कॅनरीच्या तुऱ्याची. कॅनरीत तर डॉमिनंट पांढऱ्याला डॉमिनंट पांढरा लावला तरी हेच होतं.

आता दुसऱ्या प्रकारचे रंग. पांढरा, पाइड, पेंग्विन, ब्लॅक चीक. हे दबलेले गुण, रिसेसिव्ह. दोघांकडून आले तरच दिसतात. इथं अंड्यात मरण नाही, पण वेगळा सापळा आहे. पांढऱ्याला पांढरा लावला की सगळी पिल्लं पांढरी. सोपं काम. मग माणूस काय करतो? त्याच घरातली पांढरी भाऊ-बहीण एकत्र लावतो, पुढच्या पिढीत परत तेच. तीन-चार पिढ्यांत पक्षी चिमणा होतो, पिसं विरळ, पिल्लं भरवायचा कंटाळा, फोल अंडी वाढलेली. दोष पांढऱ्या रंगाचा नसतो, एकाच रक्तात फिरवत बसण्याचा असतो.

यातलं एक मूळ कारण पुष्कळांना ठाऊक नसतं. झेब्रा फिंच काय, गोल्डियन काय, दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिथल्या सरकारनं १९६० साली रानपक्ष्यांची निर्यात बंद केली. म्हणजे आपल्या पिंजऱ्यातले हे पक्षी जुन्या पाळीव साठ्यातूनच पिढ्यानपिढ्या आलेले. नवीन रानटी रक्त येणार नाही. आहे तेच जपून वापरायचंय.

बरोबर रीत अशी. चांगला पांढरा पक्षी घ्या आणि त्याला दणकट, नात्यात नसलेला साधा ग्रे जोडीदार द्या. पहिली पिल्लं सगळी ग्रे दिसतील, पण आत पांढरा लपलेला, ज्याला आपण स्प्लिट म्हणतो. त्यातला सगळ्यात चांगला निवडा आणि दुसऱ्या घरच्या पांढऱ्याशी जोडा. सरासरी निम्मी पिल्लं पांढरी, आणि अंगानं भक्कम. वेळ किती जातो? झेब्रा तीन महिन्यांत वयात येतो, पण निदान सहा-आठ महिने तरी थांबावं. म्हणजे सगळं मिळून वर्ष-दीड वर्ष. आपल्याला हे वर्ष-दीड वर्षच नको असतं. खरं दुखणं तिथं आहे.

फॉन आणि सीएफडब्ल्यू या रंगांचा हिशोब आणखी वेगळा, कारण ते लिंगाशी बांधलेले. पक्ष्यांत नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणून मादी या रंगांत कधीच स्प्लिट नसते. दिसते तीच असते. कुणी तुम्हाला "ग्रे मादी, फॉन स्प्लिट" म्हणून जास्त पैसे सांगितले, तर तो एकतर अडाणी आहे नाहीतर तुम्हाला तसं समजतोय. उलट फॉन नराला ग्रे मादी लावा. मुली सगळ्या फॉन, मुलगे सगळे ग्रे दिसणारे स्प्लिट. पिसं फुटली की रंगावरूनच नर-मादी कळते. साधा जोडीदार वापरून एवढा फायदा होतो!

रंग म्हणजे नुसती वरची रंगरंगोटी नाही, हे गोल्डियनवाल्यांनी तर जास्तच लक्षात घ्यावं. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात सारा प्राइक आणि सायमन ग्रिफिथ यांचा अभ्यास आला. लाल डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे गोल्डियन एकमेकांशी जोडले, तर पिल्लं जास्त मरतात, आणि त्यातही मुली जास्त, असं त्यात दिसलं. आपल्याकडे मात्र "एक लाल, एक काळा, पिंजरा छान दिसतो" म्हणून जोडी लावतात.

आणि रंगाच्या या भुकेचं सगळ्यात घाण टोक तुम्हीही पाहिलं असेल. आपल्या माळावरची मुनिया जाळ्यात धरायची, हिरव्या-गुलाबी रंगात बुचकळायची आणि "फॉरेनची फिंच" म्हणून विकायची. ती आपली देशी पाखरं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती धरणं, विकणं, पाळणं सगळाच गुन्हा. स्वस्तात रंगीत फिंच मिळाली म्हणून घरी आणू नका. पहिल्याच अंघोळीत रंग जातो आणि बरेचदा पाखरूही जातं.

आता काही जण म्हणतील, एवढं कशाला, पक्षी पिंजऱ्यात ठेवूच नयेत. या मताचा मी आदर करतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१५ साली पक्ष्यांना मोकळं उडण्याचा हक्क आहे असं म्हटलं होतं, ते मीही वाचलंय. पण पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला पांढरा झेब्रा उद्या तुम्ही गच्चीवरून सोडलात, तर संध्याकाळपर्यंत कावळा किंवा मांजर त्याचा निकाल लावेल. जो आज आपल्या हातात जन्मतोय, तो धडधाकट जन्मावा, एवढी जबाबदारी तरी आपली आहे की नाही?

दुसरे म्हणतील, सरकारनं नियम करावेत. अहो, आहेत की! २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानदारानं राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवायच्या. जावा स्पॅरोसारख्या साइट्सच्या यादीतल्या पक्ष्यांची नोंद तर पाळणाऱ्यानंच परिवेश पोर्टलवर करायची आहे. हे पाळलंच पाहिजे. पण सरकारी नोंद सांगेल पक्षी किती. कुणाचा भाऊ कुणाला जोडला, हे कुठलंच सरकार लिहून ठेवणार नाही. ती वही आपलीच.

म्हणून आपल्या भागातल्या पक्षीवाल्यांना माझं म्हणणं असं. जोडी विकताना सोबत एक चिठ्ठी द्या. जन्मतारीख, रिंगचा नंबर, आई-बापाचा रंग, माहीत असलेले स्प्लिट, आणि नर-मादी एकाच घरचे आहेत की नाहीत. पाच ओळी. पिल्लू आठ-दहा दिवसांचं असताना रिंग घातली की काम झालं. तुरेवाल्या पक्ष्यासोबत "साध्यालाच जोडा" एवढं तोंडानं सांगा. आणि साधे ग्रे हलक्या मोलाचे समजून काढून टाकू नका. तुमच्या सगळ्या रंगांचा कणा तेच आहेत.

घेणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगतो. रंग बघायच्या आधी विचारा, "दोघं एकाच मटकीतले का?" उत्तर देताना समोरचा अडखळला तर नर इथून घ्या, मादी दुसरीकडून. आपण रंगाचे पैसे देतो आणि नोंदीचं विचारतसुद्धा नाही, म्हणून बाजारात रंग आहे आणि नोंद नाही. विचारायला लागलो, तर तेच लोक उद्या चिठ्ठी देतील. धंदा त्यांनाही करायचाच आहे.

माझी वही त्या चार चौकोनांपासून सुरू झाली. पहिल्या पानावर काकांनी काढलेलं कॅलेंडरचं पान चिकटवलंय, आणि खाली त्या पाच अंड्यांच्या तारखा आहेत. ती पाच माझ्या अडाणीपणानं गेली, ते मी मान्य करतो. तुम्हाला आता माहीत झालंय. यापुढं गेली तर अडाणीपणानं गेली असं म्हणता यायचं नाही.

ज्यांना वहीचा नमुना हवा असेल त्यांनी सांगा, फोटो काढून पाठवतो. पैसे लागत नाहीत.