आधी कायदा उघडा!

आमच्या घरात मूल चार-पाच वर्षांचे झाले की त्याच्या हातात 'कायदा' येतो. अलिफ, बे, ते... थेट कुरआन शरीफ वाचायला कुणी बसवत नाही. त्या पातळ पुस्तकाची आम्हाला कधी लाज वाटली नाही. मग दुसऱ्या कायद्याच्या वेळी ही रीत कुठे जाते?

तलाक, मेहर, वारसा यांवर मोहल्ल्यात प्रत्येक जण निवाडा देतो. पण १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आमच्यापैकी किती जणांनी उघडून पाहिला? नवरा चार वर्षे बेपत्ता असेल किंवा दोन वर्षे पोटाला देत नसेल, तर बायकोला कोर्टातून निकाह रद्द करून घेता येतो. कायद्याच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात हे सापडते. आम्ही ते वाचत नाही. आमच्या बहिणी माहेरच्या कोपऱ्यात आयुष्य काढतात आणि आम्ही 'नशीब' म्हणून मोकळे होतो!

मुस्लिम कायद्यावरचे दिनशा मुल्ला यांचे पुस्तक लॉ कॉलेजची मुले शंभराहून अधिक वर्षे वाचत आहेत. नावावरून कुणी त्यांना मौलाना समजेल. ते पारशी होते! एका पारशाने आमचा कायदा अभ्यासून मांडला. आम्हाला तो वाचायलाही सवड नाही!

असे पुस्तक म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. आवृत्ती जुनी असेल, तर तिहेरी तलाकवरचा २०१७चा निकाल आणि २०१९चा कायदा त्यात मिळणार नाही. पण वकिलाला नेमके काय विचारायचे, एवढे तरी ते शिकवते.

अलिफ ठाऊक नसताना निवाडे देणे आम्ही कधी थांबवणार?