भागीतला ट्रॅक्टर आणि न लिहिलेला करार

ऐन पेरणीच्या तोंडावर एका गावात ट्रॅक्टर लिंबाखाली उभा दिसला. इंजिन ठणठणीत, टाकीत डिझेल. तरी जागचा हलत नाही. कारण तिघा भागीदारांपैकी दोघांचं बोलणं बंद आहे आणि किल्ली तिसऱ्याच्या घरी.

तिघांनी सारखे पैसे घालून ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र घेतलं. घरचं उरकून भाड्यानं चालवायचं ठरलं. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी बिनसलं. एक जण स्वतः ट्रॅक्टर चालवी, रात्री-अपरात्री मळणीला जाई. तो म्हणाला, "मला ड्रायव्हरचा पगार धरा." बाकीचे म्हणाले, "मालकाला कसला पगार?" दुसऱ्यानं पदरचे घालून टायर बदलले, पण पावती ठेवली नाही. आरसी बुक आणि कर्ज दोन्ही तिसऱ्याच्या नावावर.

यात बरोबर कोण? पारावर दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतात. १९३२ चा भागीदारी कायदा मात्र स्पष्ट आहे. वेगळं ठरलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा आणि धंद्यात राबल्याबद्दल भागीदाराला मेहनताना नाही. भांडवलावर जादा रक्कम धंद्याला दिली असेल तर तिच्यावर सालीना ६ टक्के व्याज. म्हणजे टायरवाल्याचा हक्क आहे, पण पुरावा नाही. आणि जो उन्हातान्हात राबला त्याच्या हाती काहीच नाही! मला स्वतःला हे पटत नाही. पण म्हणूनच आधी लिहून घ्यायचं असतं.

आणखी एक. धंद्याचं देणं थकलं तर देणेकरी एकाच भागीदाराकडून सगळं वसूल करू शकतो. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंद नसेल तर करारातला हक्क मागायला कोर्टाची पायरी चढता येत नाही. धंदा मोडल्यावर हिशेब तेवढा मागता येतो. आणि भागीदार वारला की, वेगळं लिहिलेलं नसेल तर, भागीदारीच मोडते.

तुम्ही म्हणाल, आमच्या आज्यानं सावड केली, एकेका बैलावर वारंगुळा केला, तेव्हा कुठला स्टॅम्प होता? खरंय. पण तिथं आज तू माझ्याकडं, उद्या मी तुझ्याकडं. फेड लगेच व्हायची. ट्रॅक्टरचा हप्ता वर्षानुवर्षं चालतो, तेवढ्यात पोरं मोठी होतात, सुना येतात, माणसं बदलतात.

तेव्हा घेण्याआधीच लिहा: चालवणाऱ्याला तासाला किती, वाफसा आल्यावर आधी कुणाचं रान (चिठ्ठ्या टाका, सगळ्यात बरं), दुरुस्तीचा खर्च कुणाच्या संमतीनं, एखाद्याला बाहेर पडायचं झालं तर यंत्राची किंमत कोण ठरवणार. ट्रॅक्टरवर एक वही ठेवा. तारीख, कुणाचं रान, किती तास, किती डिझेल. दर अमावस्येला औत सुटलेलं असतं, तेव्हा तिघांनी बसून तीवर सह्या कराव्यात. गावच्या भाऊसाहेबांनाही विनंती, भांडण पेटल्यावर पंचनाम्याला जाण्यापेक्षा करार लिहिताना तासभर बसा.

त्या गावात मंगळवारी पुन्हा जाऊन आलो. तिघं एका सतरंजीवर बसले, हेही नसे थोडके. टायरचा दुकानदार बिलाची नक्कल द्यायला तयार झालाय. चालवणाऱ्याच्या तासाच्या दरावर मात्र अजून अडलंय, आणि शेजारच्या शिवारात तिफणी चालू झाल्या आहेत.