फिरून आलेली बाई

डिसेंबर लागला की आमच्या पोलादपूरकडच्या रस्त्यांवर सहलीच्या एसट्या दिसू लागतात. रायगड, शिवथरघळ, महाडचं चवदार तळं आणि उमरठ. उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी पोरांना रांगेत उभं करून गुरुजी ४ फेब्रुवारी १६७० ही तारीख सांगतात. परत गेल्यावर पोरं सहलीवर निबंध लिहितात. प्रवासाने माणूस शहाणा होतो, हे त्यातलं ठरलेलं वाक्य. ते फळ्यावर आम्हीच लिहून दिलेलं असतं. आणि त्याच शाळेत एखादी बाई नोकरी मागायला आली, म्हणाली की मी चौदा महिने देश बघून आले, तर तिच्या अर्जावर लाल पेनाने गोल पडतो. गॅप.

माझ्या अर्जावर तो तीन ठिकाणी पडला आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवते, बीएड आहे, अकरा वर्षं एका विनाअनुदानित शाळेत काढली. (नाव सांगत नाही. तशा शाळा पुष्कळ आहेत.) २०२२ मध्ये बिनपगारी रजा मागितली. मिळाली नाही, म्हणून राजीनामा दिला आणि निघाले. आल्यापासून मुलाखती देतेय. "मधल्या काळात काय? बाळंतपण? आजारपण? घरात कुणाचं दुखणंखुपणं?" यातल्या कशालाही हो म्हटलं असतं तर समोरच्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या असत्या. "फिरायला गेले होते" म्हटलं की खोली गप्प होते. एका ठिकाणी सदर साहेबांनी एवढंच विचारलं, "एकट्या?" बाईचं दुखणं चालतं, बाईची हौस चालत नाही.

कोकणातल्या मुसलमानांनी प्रवासाकडे संशयाने बघावं ही तर गंमतच आहे. कुणाचे आजोबा बोटीवर होते, कुणाचा चुलता कुवेतला, कुणाचा भाऊ दुबईत. गावोगावच्या मशिदींना आणि शाळांच्या खोल्यांना तोच पैसा लागला आहे. वीस वर्षांनी परत आलेल्या माणसाचा आपण सत्कार करतो, त्याला कमिटीवर घेतो. त्याच्या वीस वर्षांना कुणी गॅप म्हणत नाही, कारण तो पैसे घेऊन आला. मी साठवलेले पैसे संपवून आले.

काय घेऊन आले ते मात्र कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगते. हैदराबादच्या बाजारात एक म्हातारी भाव नाकारताना "नक्को" म्हणाली आणि मी तिथेच थबकले. आपलं "नको" दखनीत जाऊन राहिलं आहे, तसाच आपला ठासून सांगणारा "च" तिकडे "ऐसाइच" मध्ये बसला आहे. उर्दू म्हणजे उत्तरेहून आलेली परकी भाषा आणि मराठी म्हणजे शेजारच्या वर्गातला विषय, असं मानणाऱ्या माझ्या पोरांना हे एक उदाहरण दिलं तर दोन्ही तास एकाच खोलीत येतील. बिदरला महमूद गावानचा १४७२ चा मदरसा पाहिला. अर्धा कोसळलेला आहे, तरी मान वर करून बघावं लागतं. हा गावान इराणातून व्यापारी म्हणून आला आणि बहमनींचा वजीर झाला. इब्न बतूता तांजियरहून निघून दिल्लीत पोचला, तर महंमद तुघलकाने त्याला काझी नेमलं. दोघांच्याही अर्जात केवढा गॅप असेल! (गावानचं पुढे शीर उडवलं, पण ते दरबारी कारस्थानाने.) पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात आणि रामपूरच्या रझा ग्रंथालयात मी जी हस्तलिखितं पाहिली, त्यानंतर नस्तालीक अक्षर शिकवताना माझा हात पूर्वीसारखा चालणार नाही.

आता गॅपचाच हिशेब करायचा तर मोठ्यापासून सुरुवात करू. राज्य सरकारने मे २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबवली आणि पवित्र पोर्टलवरची पहिली निवडयादी लागली २०१९ मध्ये. सात वर्षं! तेव्हा डीएड-बीएड झालेली पोरं-पोरी या काळात पेट्रोल पंपावर, कापड दुकानात उभी राहिली, आणि नंतर त्यांनाच विचारलं गेलं, मधल्या काळात काय केलंत? टीईटीच्या प्रमाणपत्राची मुदत आधी सात वर्षांची होती, २०२१ मध्ये ती आजीवन केली. म्हणजे कागद जन्मभर ताजा आणि माणूस चौदा महिन्यांत शिळा. भरतीला वयाची अट खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. मी दोन्ही ओलांडल्या आहेत, तेव्हा ते दार बंदच.

शिवाय कायम सरकारी नोकराला प्रवासाचे पैसे सरकारच देतं. त्याला रजा प्रवास सवलत म्हणतात. स्वग्रामाला जा, महाराष्ट्र दर्शन करा. रजा संपली की खुर्ची जागेवर असते. प्रवास तोच, पण कायमवाल्याची ती सवलत आणि विनाअनुदानितवाल्याचा तो गॅप. मला रजा दिली असती तर गॅप पडलाच नसता. तो मी पाडलेला नाही.

माझ्यासारखीला उरतात आपल्या खासगी संस्था, आणि माझं खरं भांडण त्यांच्याशीच आहे. राज्यघटनेच्या कलम ३० चं नाव घेऊन आपले शिक्षक आपणच निवडू, असं आपण न्यायालयात सांगतो. १ सप्टेंबर २०२५ च्या टीईटीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला, त्या खटल्याला नाव आहे अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टचं, आणि त्यात समोर महाराष्ट्र सरकार. हा हक्क मलाही हवा आहे. पण हक्क मिळवून निवडायचं कुणाला? जी कधी कुठे गेली नाही तिला?

"सराव तुटतो" म्हणतात. मग पाठ घ्यायला लावा! तीनपैकी एकाही ठिकाणी मला खडू हातात दिला नाही, फाईलच चाळली. "पुन्हा निघून जाल" म्हणतात. तासिका तत्त्वावर, मे महिन्याच्या पगाराशिवाय ठेवलेला माणूस जाणारच, त्याला प्रवासाची हौस असायची गरज नाही.

जूनच्या आधी आणखी दोन ठिकाणी अर्ज टाकतेय. अनुभवाच्या रकान्यात ते चौदा महिने लिहिणार आहे, गावांच्या नावांसकट. पाठासाठी इयत्ता तुम्ही ठरवा, विषय तुम्ही ठरवा.