गोचीड भिंतीत, औषध बैलाला

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकली जाते. मानेवरून फिरणारा हात कानामागे किंवा शेपटीच्या बुडाशी येऊन थबकतो, कारण तेथे एरंडाच्या बीसारखा टपोरा गोचीड चिकटलेला असतो. घरधनी तो ओढून काढतो, अंगणात भिरकावतो आणि पुढच्या कामाला लागतो. आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ, बेला या पैनगंगेकाठच्या मराठी मुलखात हे दृश्य घरोघरी दिसते. आपण शत्रू फेकून दिला, असे घरधन्याला वाटते. खरे पाहता त्याने तो अंगणात पेरलेला असतो.

रक्त पिऊन फुगलेली गोचिडाची मादी जनावराच्या अंगावर अंडी घालीत नाही. ती खाली पडते, गोठ्याच्या भेगेत, शेणकचऱ्यात किंवा दगडाखाली शिरते आणि तेथे दोन-तीन हजार अंडी घालून मरते. त्यांतून निघालेली सहा पायांची पिले गवताच्या टोकावर किंवा भिंतीवर बैलाची वाट पाहत बसतात. ती कित्येक आठवडे, कधी काही महिने उपाशी राहू शकतात. कुत्र्यावरील गोचीड तर भिंतीवर चढून वाशांच्या खाचेत दडतात. म्हणजे कोणत्याही वेळी जनावरावर दिसतात त्यांपेक्षा कितीतरी अधिक गोचीड घरात आणि अंगणात असतात. आपला सारा राग मात्र बैलाच्या पाठीवर निघतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण बहुधा अशाच एखाद्या गोठ्यात जन्मली असावी.

हा राग केवळ वाया गेला असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपला जिल्हा कापसाचा आहे. घरोघरी कोनाड्यात फवारणीच्या बाटल्या असतात आणि आपल्या भाषेत विषालाही ‘औषध’ म्हणण्याची रीत आहे. या एका शब्दाने फार घात केला आहे. कपाशीवरील कीड ज्याने मरते त्याने गोचीड का मरणार नाही, असे म्हणून उरलेला फवारा जनावराच्या अंगावर चोळला जातो. आमच्याही घरी एकदा तसे झाले. गाईला लावलेले ‘औषध’ वासराने चाटले. तासाभरात त्याच्या तोंडाला फेस आला, पाय थरथरू लागले. पशुवैद्य वेळेवर आले आणि त्यांनी ॲट्रोपिनचे इंजेक्शन दिले म्हणून ते वाचले. घरात कोणी निष्काळजी नव्हते. सगळ्यांनी मायेनेच ते लावले होते.

पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उघड्या शेतात, वाऱ्यावर, माणसाची ही गत होते. तेच द्रव्य बंद गोठ्यात उघड्या हाताने चोळणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

मग गोचिडांना सोडून द्यावे काय? मुळीच नाही. त्यांच्यापासून जनावरांना थायलेरिया आणि बबेसियासारखे ताप होतात व संकरित गाई त्यांना लवकर बळी पडतात. माणसालाही धोका आहे. कन्नड विभागातील मित्रांना ‘मंगन कायिले’ हे नाव परिचित असेल. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात 1957 साली ओळखला गेलेला हा माकडताप गोचिडांमुळे पसरतो. 2016 साली तो सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यातही आला. 2011 साली गुजरातेत साणंदजवळ क्रिमियन-काँगो ताप आढळला, त्याचाही वाहक गोचीडच. आपल्या भागाला या तापांची भीती घालण्याचा माझा हेतू नाही. गोचीड ही क्षुल्लक बाब नव्हे, एवढेच दाखवायचे आहे.

उपाय साधे आहेत, फक्त त्यांची जागा बदलली पाहिजे. गोठ्याच्या भेगा बुजवाव्यात, भिंतींना चुना द्यावा, शेण रोज उचलावे, उकिरडा दूर न्यावा, अंगणाभोवतीचे गवत कापावे आणि गोठ्यात ऊन येऊ द्यावे. काढलेला गोचीड फेकू नये आणि नखावर चिरडूही नये. साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलच्या डब्यात टाकावा. माणसाला चिकटला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. त्याला चटका देऊ नये. नंतर ताप आला तर गोचीड चावल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

औषध लागलेच तर ते जनावरांसाठीच बनविलेले असावे, पशुवैद्याला विचारून आणि सांगितलेल्या प्रमाणात. हातमोजे घालावेत, चाटू नये म्हणून बैलाला मुसके बांधावे, गोठ्याचाही बंदोबस्त त्याच दिवशी करावा. दूध किती दिवस वापरू नये तेही विचारावे. उरलेले पाणी नाल्यात ओतू नये. त्याने मासे मरतात. अंडी औषधाने मरत नाहीत, म्हणून पुन्हा कधी लावायचे तेही विचारून घ्यावे. आणि एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यास गोचीड त्याला दाद देईनासे होतात. बीटी कपाशीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आपण पाहिलीच आहे.

यावर कोणी म्हणेल, मी माझा गोठा स्वच्छ ठेवला तरी शेजाऱ्याचे काय? आक्षेप रास्त आहे. जनावरे एकाच कुरणात चरतात, म्हणून हे काम एकट्याचे नाही. येथेच महाविद्यालयाचा संबंध येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, पथनाट्ये करतो, भिंतींवर घोषणा लिहितो. त्यांतील एक दिवस गोठ्यांसाठी का देऊ नये? सबंध गल्लीतील भेगा एकाच दिवशी बुजवाव्यात, सोबत पशुवैद्यांना न्यावे, आणि कोनाड्यातील त्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहून ती कुलपात ठेवायला लावावी. प्राध्यापकांनी हे मनावर घेतले तर विद्यार्थी मागे राहणार नाहीत.

पोळ्याला आपण बैलापुढे हात जोडतो. त्याच्या पाठीवर विष ओतायचे नाही, एवढा निश्चय त्याच वेळी केला तर त्या नमस्काराला अर्थ येईल.